मॅटलॅबमध्ये मेमरी संपते तेव्हा: या चुका टाळा

मेमरीची एरर आली की बहुतेक जण ती पुरती न वाचताच मॅटलॅब (आकडेमोडीचं सॉफ्टवेअर) बंद करून पुन्हा चालू करतात, नाहीतर रॅम वाढवून मागतात. कृपा करून असं करू नका. त्या लाल ओळीत किती बाय कितीचा अ‍ॅरे (आकड्यांचा तक्ता) मागितला गेला, हे बऱ्याचदा लिहिलेलं असतं. आधी तो आकडा बघा.

एम.टेक.च्या एका विद्यार्थिनीचा कोड असाच अडला होता. सेन्सरच्या ५०,००० नोंदी, मॉडेलची ५०,००० उत्तरं आणि दोन्हींची साधी वजाबाकी. एरर मात्र ५०,००० बाय ५०,०००, १८.६ जीबी! दोन्ही व्हेरिएबल मिळून १ एमबीसुद्धा भरत नव्हती. व्हेरिएबलचे आकार दाखवणारी ‘व्हूज’ (whos) कमांड दिली आणि उलगडा झाला: एक व्हेक्टर (आकड्यांची ओळ) आडवा होता, दुसरा उभा. आर२०१६बी आवृत्तीपासून मॅटलॅब अशा जोडीला हरकत घेत नाही. एकातला प्रत्येक आकडा दुसऱ्यातल्या प्रत्येक आकड्याशी लावतं. म्हणजे अडीच अब्ज उत्तरं, आणि डबल, म्हणजे मॅटलॅबच्या नेहमीच्या प्रकारचं, प्रत्येक उत्तर ८ बाइटचं. एका व्हेक्टरचा ट्रान्सपोज घेतला, म्हणजे आडव्याचा उभा केला, काम झालं. पण मला काळजी वाटते ती वेगळीच. नोंदी ५,००० असत्या, तर २०० एमबीचा चुकीचा मॅट्रिक्स निमूटपणे तयार झाला असता आणि प्रबंधात फरकांची चुकीची सरासरी छापली गेली असती. म्हणून वजाबाकीआधी दोन्हींचा साइज तपासाच.

फायनाइट एलिमेंटवाल्यांची (वस्तूचे छोटे तुकडे कल्पून गणित करणाऱ्यांची) नेहमीची चूक म्हणजे स्टिफनेस मॅट्रिक्सचा, म्हणजे त्या समीकरणांच्या तक्त्याचा, इन्व्हर्स (व्यस्त) काढणं. मूळ मॅट्रिक्स स्पार्स असतो, त्यात बहुतेक शून्यंच. पण त्याचा इन्व्हर्स सहसा गच्च भरलेला निघतो. ५०,००० समीकरणांचा तीन कर्णांचा मॅट्रिक्स स्पार्स ठेवला तर जेमतेम ३ एमबीत मावतो. तोच पूर्ण साठवला तर पुन्हा १८.६ जीबी. समीकरणं सोडवायची असतील तर बॅकस्लॅश (\) हे चिन्ह वापरा, इन्व्हर्स लागतच नाही.

फोटो वाचल्यावर सवयीने डबलमध्ये बदलू नका. ८ बिटांचं चित्र आठपट फुगतं. दशांश हवेच असतील तर बऱ्याचदा सिंगल (डबलच्या निम्मी जागा घेणारा प्रकार) पुरतं. लूपमध्ये एकेक आकडा जोडत अ‍ॅरे वाढवण्यापेक्षा आधीच ‘झीरोज’ने जागा करून ठेवा.

पॅरलल लूपमध्ये (फेऱ्या एकाच वेळी वाटून चालवणाऱ्या) काम वाटून घेणारा प्रत्येक वर्कर ही सहसा स्वतंत्र प्रोसेस असते. लूपमधल्या प्रत्येक फेरीला अख्खं मोठं व्हेरिएबल लागत असेल, तर त्याची प्रत प्रत्येक वर्करकडे जाते. ४ जीबीचा डेटा आणि चार वर्कर, म्हणजे मूळ धरून २० जीबी. अशा वेळी वर्कर कमी करा.

आणि मॅटलॅबच्या प्रेफरन्सेसमधली (सेटिंगमधली) अ‍ॅरेच्या आकाराची मर्यादा काढून टाकायचा मोह आवरा. एरर जाते खरी, पण मग कॉम्प्युटर रॅमऐवजी डिस्कवर ओढाताण करू लागतो, माउससुद्धा हलेनासा होतो आणि शेवटी बटण दाबूनच मशीन बंद करावं लागतं. सेव्ह न केलेलं सगळं त्याबरोबर जातं.