दाजींच्या पिकअपला टायर घेण्याआधी

दहिवडीच्या आमच्या दाजींनी जुनी इसुझू व्ही-क्रॉस घेतली. आधीच्या मालकानं ती दोन इंच उचलून (म्हणजे उंची वाढवून), चिखलासाठीचे मोठ्या दातांचे मड टायर घालून ठेवली होती. गाडी दिसते अशी की शाळेतली पोरं मागं पळतात. पण परवा पुण्याहून येताना ताई आणि आई मागच्या सीटवर होत्या, आणि खंबाटकी उतरल्यापासून साताऱ्यापर्यंत दोघी एकमेकींशी ओरडून बोलत होत्या. उतरल्यावर आईनं विचारलं, "ही गाडी आहे का पिठाची गिरणी?" रात्री दाजींचा फोन आला: रानात अडकणार नाही आणि हायवेला ओरडणार नाही असा टायर सांग. मी नाव सांगितलं नाही. दुकानात पाय ठेवण्याआधी काय बघायचं, काय मोजायचं, काय लिहून न्यायचं ते सांगितलं. तेच इथं लिहून ठेवतो.

पहिलं काम म्हणजे आवाज टायरचाच आहे ना, याची खात्री. गाडी उचलली की पुढच्या एक्सलचे कोन बदलतात, वजनदार टायरनं बेअरिंगवरही ताण येतो, आणि घासलेल्या बेअरिंगची घरघर टायरसारखीच ऐकू येते. मोकळ्या रस्त्यावर साठच्या वेगात गाडी हळूच डावी-उजवीकडे झुलवा. एका बाजूला झुकल्यावर आवाज वाढत असेल आणि दुसरीकडे कमी होत असेल, तर संशय बेअरिंगवर. डांबरावरून सिमेंटच्या रस्त्यावर गेल्यावर आवाजाची जातच बदलत असेल, तर टायर. तरी शंका राहिली तर पुढचे टायर मागं, मागचे पुढं करून बघा. आवाजही जागा बदलतो का? बदलला तर टायरच. हे सगळं झाल्याशिवाय चार-पाच टायरचे पैसे मोजू नका. मी एकदा मोजले होते. नवे टायर आले, घरघर होती तिथंच राहिली, आणि बेअरिंग नंतर बदललं.

मग महिनाभर गाडीत एक वही ठेवा. हौसेनं नाही, खरंखुरं लिहायचं: आज कुठं गेलो, किती किलोमीटर, त्यातलं डांबर किती, मुरूम किती, चिखल किती. दाजींनी लिहिलं तेव्हा त्यांचं त्यांनाच हसू आलं. दहिवडी-पुसेगाव-कोरेगाव-सातारा, वर्धनगडचा घाट, महिन्यातून दोनदा पुणे, रोज शेतावर तीन किलोमीटर मुरमाड रस्ता. चिखल? एकदा, तोही कोरेगावकडे, उसाच्या ट्रॅक्टरनं रस्त्यावर आणून टाकलेला.

सातारा जिल्ह्यात हा हिशेब फार महत्त्वाचा, कारण जिल्हा एक आणि जमिनी चार. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढं पाऊस पडतो, तर दहिवडीच्या माण तालुक्यात पाचशेच्या आसपास, तोही पडला तर. पश्चिमेला जांभ्याची लाल, निसरडी वाट. कृष्णाकाठी काळी माती. पूर्वेला मुरूम, दगड आणि बाभळीचा काटा. काळी माती ओली झाली की टायरच्या खाचांत लाडवासारखी भरते आणि मग ऑल-टेरेन (डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींसाठीचा टायर) असो की आणखी काही, टायर गुळगुळीतच होतो. तिथं मड टायर खरोखर उपयोगी, कारण त्याच्या खाचा रुंद असतात आणि फिरताना माती बाहेर फेकतात. पण तोच मड टायर पावसाळ्यात पसरणी घाटातल्या ओल्या डांबरावर घातलात तर मोठे, सलग गट्टू (नक्षीतले रबराचे ठोकळे) आणि कमी बारीक चिरा यामुळं पकड कमी मिळते. माणच्या माणसाला चिखलाची नाही, दगड-काट्यांची काळजी. त्याला टायरची बाजू जाड हवी, दात मोठे असले काय नि नसले काय. मड टायर हा आपल्याकडं बहुतेक फोटोचा मामला आहे, असं माझं मत. आणि कासच्या फोटोसाठी म्हणत असाल तर पठारावर गाडी घालायचीच नसते. २०१२ पासून ते जागतिक वारसा यादीतल्या पश्चिम घाटाचा भाग आहे आणि तिथल्या मातीचा थर बोटभरसुद्धा नसतो.

वहीत डांबर जास्त निघालं की शोध ऑल-टेरेनमधल्या शांत टायरांचा. इथं थोडं थांबून समजून घ्या, कारण दुकानदार याबद्दल "एकदम सायलेंट आहे" एवढंच बोलतो. चाक फिरताना नक्षीचा एकेक गट्टू रस्त्यावर आपटतो. दोन गट्टूंमधल्या खाचेत हवा कोंडते आणि गट्टू उचलला की फस्सकन सुटते. सगळे गट्टू एकाच मापाचे असतील तर ही आपटाआपटी ठेक्यात होते आणि एकच सूर लागतो, गिरणीच्या भोंग्यासारखा. म्हणून चांगल्या टायरमध्ये गट्टूंची लांबी मुद्दाम कमी-जास्त ठेवतात. आवाजाची ताकद तीच राहिली तरी सूर विखुरतो आणि कानाला टोचत नाही. दुकानात टेप लावून टायरच्या घेरावरचे आठ-दहा गट्टू मोजा. माप थोडंथोडं बदलत असेल तर बरं. मधल्या पट्ट्यात गट्टू एकमेकांना जोडलेले आहेत का, ते बघा. खांद्याजवळच्या खाचा थेट बाहेर उघडतात की मधे रबराची पायरी घालून अर्ध्या बंद केल्यात, तेही. जितक्या बंद, तितका आवाज कमी, आणि तितकीच चिखल फेकायची ताकदही कमी. दोन्ही एकाच टायरात पुरेपूर मिळत नाही. खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे असतील तर ते खडी अडकू नये म्हणून असतात. मुरमाच्या रस्त्यावरून डांबरावर आल्यावर टकटक ऐकायची नसेल तर ते असावेत.

आता माझा खरा मुद्दा. नवा ऑल-टेरेन जवळजवळ प्रत्येक जण शांतच सांगतो, आणि पहिले काही हजार किलोमीटर तो असतोही. विचारायचं ते हे की अर्धा झिजल्यावर कसा वाजतो. गट्टूंवरच्या बारीक चिरांमध्ये कागदाची कड घालून बघा. चिरा वरवरच्या असतील तर टायर अर्धा झिजेपर्यंत त्या पुसल्या जातात, गट्टू ताठर होतो आणि आवाज चढतो. खोलवर गेलेल्या चिरा असाव्यात. आपल्या मापाचा टायर वीस-पंचवीस हजार किलोमीटर चालवलेला कोणी ओळखीचा असेल तर त्याच्या गाडीत मागच्या सीटवर बसून या. पुढं नको, मागं. आई मागंच बसणार आहे.

काही बाहेरून आलेल्या टायरांवर युरोपचं लेबल असतं, त्यावर डेसिबलचा आकडा. तो गाडीतला आवाज नव्हे. गाडी ऐंशीच्या वेगानं, इंजिन बंद करून, नुसती घरंगळत रस्त्याकडेच्या मायक्रोफोनसमोरून नेतात आणि बाहेर मोजतात. तरी एकाच मापाच्या दोन टायरांत तुलना करायला तो उपयोगी पडतो. ७१ आणि ७४ मध्ये तीनचाच फरक दिसतो, पण तीन डेसिबल म्हणजे आवाजाची ऊर्जा दुप्पट.

मापाचा मोह आवरा. या गाडीला कंपनीतून २५५/६० आर १८ येतो, म्हणजे चाकाची उंची साधारण ७६३ मिलिमीटर. उचललेल्या गाडीच्या कमानीत तो बारका दिसतो म्हणून लोक २६५/६५ आर १८ घालतात. त्याची उंची ८०२ च्या घरात, पाच टक्के जास्त. स्पीडोमीटर शंभर दाखवेल तेव्हा गाडी एकशे पाचवर असेल, किलोमीटर कमी मोजले जातील, घाटात एक गिअर खाली यावं लागेल, ब्रेकला जास्त जोर लागेल. रुंद टायर आवाजही जास्त करतो. शिवाय कागदपत्रांचं आहेच. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ गाडीतल्या फेरफारांबद्दल आहे आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाहीत असं म्हटलं आहे. दाजींनी तर गाडी उचललेलीच घेतली. त्यांना मी आधी विमा कंपनीला लेखी विचारायला लावलं, टायरचं नंतर.

मापाच्या पुढं ११२ टी असं काहीतरी लिहिलेलं असतं. ११२ म्हणजे एक टायर १,१२० किलो पेलतो, टी म्हणजे ताशी १९० किलोमीटरपर्यंत. कंपनीच्या आकड्याच्या खाली उतरू नका, हौद्यात कांद्याच्या गोण्या पडणार असतील तर मुळीच नको. मापाच्या आधी एलटी अक्षरं असतील तर तो हलक्या मालवाहू गाडीचा टायर. बाजू जाड, काट्या-दगडाला चिवट, पण वजनानं जड, रिकाम्या गाडीत आदळणारा, आणि हवाही जास्त मागणारा. माणच्या दगडांसाठी दाजींनी एलटीचा विचार केला होता. शेवटी साधाच घ्यायचं ठरलं, कारण शेताचा रस्ता तीनच किलोमीटर आहे आणि पंक्चरवाला फाट्यावरच बसतो.

टायरच्या बाजूवर डीओटी या अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक असतो, त्याच्या शेवटचे चार आकडे म्हणजे टायर कधी बनला ते. १४२५ म्हणजे २०२५ सालचा चौदावा आठवडा. पाचही टायरचे बघा, एकाचेच नको. पाच म्हणतोय, कारण स्टेपनीही त्याच मापाची हवी. या गाडीत फोर-व्हील लावल्यावर पुढचा-मागचा एक्सल एकत्र बांधला जातो, तेव्हा उंचीत फरक असलेलं चाक यंत्रणेवर ताण आणतं.

टायर घेण्याआधी, नंतर नव्हे, गाडीचं अलाइनमेंट करायची तारीख घेऊन ठेवा. उचललेल्या गाडीचं हे दुखणं कायमचं. पुढचा भाग वर गेला की कॅस्टर (स्टिअरिंगचा अक्ष मागं किती झुकलाय तो कोन) कमी होतो, टो (चाकांची तोंडं आत-बाहेर किती वळलीत ते) हलतो, आणि नुसत्या "टो मारून देतो" म्हणणाऱ्या मशीनवर काम भागत नाही. कॅस्टर, टो आणि कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) या तिन्ही कोनांचा छापील कागद मागा. कॅस्टर मापात बसतच नसेल तर वरचे कंट्रोल आर्म (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारे दांडे) बदलावे लागतात. तो खर्च टायरच्या खर्चाआधी मांडा. वाकड्या गाडीवर सगळ्यात शांत टायरही दोन-तीन महिन्यांत गुरगुरायला लागतो. ओळखायची खूण सोपी आहे: तळहात टायरवरून पुढं फिरवा, मग मागं. एकीकडं गुळगुळीत आणि दुसरीकडं करवतीसारखं लागलं, तर गट्टूंची एकच कड झिजतेय. दाजींच्या मड टायरांना हात लावला तेव्हा माझ्या बोटाला ओरखडा आला होता. आईच्या गिरणीचं निम्मं पीठ तिथंच दळलं जात होतं.

हवेचा आकडा दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवरून घ्या, पेट्रोलपंपावरच्या पोराच्या अंदाजानं नको. माल भरताना मागं वाढवता, ते ठीक. पण गाडी रिकामी झाल्यावर परत उतरवा, नाहीतर मधला पट्टा झिजतो. शंका असेल तर टायरवर आडवी खडूची जाड रेघ ओढून सरळ रस्त्यानं थोडं चालवा. मधलाच खडू गेला तर हवा जास्त, कडांचा गेला तर कमी. दर आठ हजार किलोमीटरला चाकांची अदलाबदल, स्टेपनीसकट. ही तारीख मोबाइलात घाला, डोक्यात राहत नाही.

बसवायच्या दिवशी सकाळीच, जुने टायर असतानाच, हायवेच्या एका ठरलेल्या पट्ट्यावर ऐंशीच्या वेगात, काचा बंद, पंखा बंद, मागच्या सीटवर फोन ठेवून आवाज मोजून घ्या. नवे बसल्यावर तोच पट्टा, तोच वेग, म्हणजे दुकानदाराशी बोलायला काहीतरी हातात राहतं. टायर चढवल्यावर दुकानाच्या दारातच स्टिअरिंग दोन्हीकडं पूर्ण वळवा, एक पुढचं चाक उंचवट्यावर चढवून पुन्हा वळवा, आणि आतल्या बाजूला वाकून बघा, कुठं घासत नाही ना. नट हवेच्या गननं आवळू दिले तरी शेवटचा हात टॉर्क पान्ह्याचाच (ठरलेल्या जोरानंच आवळणाऱ्या पान्ह्याचा) हवा. आणि पन्नास-साठ किलोमीटरनंतर ते पुन्हा तपासायचे असतात. सातारा ते दहिवडी अंतर साधारण तेवढंच भरतं. म्हणून दाजींना सांगून ठेवलंय की दारात गाडी लावलीत की आधी पान्हा काढा, ताट मग वाढायला सांगा.