तळघरात छोटं बाथरूम आणि वॉशिंग मशीनची जागा: फोडाफोडीआधीची तयारी

तळघरात बाथरूम करायचं ठरलं की घरात पहिली चर्चा टाइल्सच्या रंगाची होते. होऊ द्या. पण तळघरात पाणी आणणं सोपं असतं, घालवणं अवघड. म्हणून तयारीची सुरुवात बाहेरच्या ड्रेनेज चेंबरचं झाकण उघडून करा.

चेंबरमधून बाहेर जाणाऱ्या पाइपचा तळ झाकणाच्या कडेपासून किती खाली आहे ते मोजा. मग गवंडी वापरतात तशी पारदर्शक नळी घेऊन तिच्यात पाणी भरा. एक टोक चेंबरच्या कडेशी धरा, दुसरं खिडकीतून किंवा जिन्यावरून तळघरात न्या. चेंबरकडचं पाणी बरोबर कडेच्या पातळीला आलं की तळघराच्या भिंतीवर आतल्या पाण्याची खूण करा. या खुणेपासून फरशी किती खाली आहे हा दुसरा आकडा. पहिल्यातून दुसरा वजा केला की फरशीखाली पाइपला किती उतरायला जागा मिळते ते कळतं. मैल्याचा १०० किंवा ११० मिमी पाइप साधारण १:५० उताराने टाकतात, म्हणजे मीटरमागे २ सेंटिमीटर. सहा मीटरला १२ सेंटिमीटर नुसत्या उतारात गेले, शिवाय फरशीखाली पाइप आणि ट्रॅप (वास अडवणारा, पाणी साठून राहणारा वाकडा भाग) बसायला खोली लागते ती वेगळीच. एवढं सगळं करूनही पाइप चेंबरच्या तळाच्या वर राहत असेल, तर नशीब चांगलं. नाहीतर पंप आला.

पंपाला नाक मुरडायचं कारण नाही, पण त्याचे लाड आधीच समजून घ्या. एक प्रकार जमिनीत खड्डा करून बसवायचा: हवाबंद झाकण, छपराच्या वर जाणारा व्हेंट पाइप आणि चढत्या पाइपवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटं येऊ न देणारी झडप), या तिन्ही गोष्टी हव्यातच. दुसरा कमोडच्या मागे बसणारा, मैला बारीक करून ढकलणारा. त्याला वॉशिंग मशीन जोडायचं असेल तर किती गरम पाणी चालतं आणि पाण्याचा लोंढा तो झेपवतो का, हे माहितीपत्रकात बघूनच घ्या. वीज गेली की दोन्ही प्रकार बंद, मशीनही आणि फ्लशही. पाणी चढल्याचा इशारा देणारा अलार्म म्हणूनच बसवायचा.

फरशी फोडण्याआधी ती कसली आहे हे स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा. काही इमारतींत तळघराची फरशी हाच पाया असतो, त्यात चर खणणं म्हणजे पायाशी खेळणं. तिथे बाथरूमपुरता ओटा उचलून पाइप त्यात लपवता येतात. मात्र ओट्यावर उभं राहून डोक्यावर किमान दोन मीटर उरतात का ते टेपने बघा. तळघराचा असा वापर नियमात बसतो का आणि परवानगी लागते का, हेही आत्ताच विचारायचं. फोडल्यावर विचारण्यात अर्थ नाही.

आता ओल. हात-दीड हाताचा प्लास्टिकचा तुकडा फरशीवर चारही कडांना टेप लावून चिकटवा आणि दोन दिवस तसाच ठेवा. खालच्या अंगाला थेंब दिसले किंवा फरशी काळसर पडली तर ओल जमिनीतून येते, वरच्या अंगाला थेंब आले तर हवेतून. पहिलीला जमिनीकडून बंदोबस्त लागतो, दुसरीला वायुवीजन. पाझरणाऱ्या भिंतीवर टाइल्स लावून ओल थांबत नाही, फक्त दिसेनाशी होते. वॉटरप्रूफिंगनंतर नहाणीच्या जागेत पाणी तुंबवून पेन्सिलने रेघ मारा आणि २४ तास बघा. ही चाचणी तळघरात जास्तच महत्त्वाची, कारण गळतीची तक्रार घेऊन येणारा खालचा शेजारी इथे नसतो.

जागेची आखणी खडूने जमिनीवरच करा. कमोडच्या मध्यापासून बाजूच्या भिंतीपर्यंत ४० सेंटिमीटर, समोर ६० तरी मोकळे. मशीन साधारण ६० सेंटिमीटर रुंद असतं. त्याची पुढून मागपर्यंतची खोली मॉडेलप्रमाणे बदलते, आणि मागे नळ्यांसाठी दहाएक सेंटिमीटर सोडावे लागतात. पुढून उघडणारं असेल तर दार पूर्ण उघडून समोर टोपली ठेवून वाकता आलं पाहिजे. बाथरूमचं दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं बरं. ड्रायर मशीनवर रचायचा असेल तर त्या दोघांसाठी बनलेला स्टँड घ्या. गरम हवा बाहेर फेकणाऱ्या ड्रायरला स्वतःचा धातूचा डक्ट द्या. एक्झॉस्ट फॅनच्या पाइपात तो जोडू नका, आत साठलेला कपड्यांचा भुगा पेट घेतो. फॅनची हवाही थेट इमारतीबाहेर गेली पाहिजे, फॉल्स सीलिंगच्या पोकळीत नाही.

विजेचं काम थोडक्यात: मशीनला स्वतंत्र सर्किट, सगळ्या बाथरूमला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच), शॉवरच्या आसपास सॉकेट नको. मशीनचे नळ हात पोचेल तिथे घ्या, मशीन ओढून काढावं लागेल असे नकोत.

भिंती बुजवण्याआधी प्रत्येक पाइपशेजारी टेप धरून फोटो काढून ठेवा. आणि पार्टिशन उभं करण्याआधी जिन्याचं वळण मोजा. मशीन खोक्यासकट तिथून वळत नसेल तर ते खोक्याबाहेर काढून न्यावं लागेल. तेव्हा मागचे वाहतुकीचे बोल्ट तसेच राहू द्या. मशीन जागेवर बसलं की पहिल्या धुण्याआधी मात्र ते काढलेच पाहिजेत.