पेनड्राइव्हवरचा व्हिडिओ टीव्हीवर चालत नाही? आधी फाइलच्या आत काय आहे ते बघा

टीव्हीला पेनड्राइव्ह लावला, चित्र दिसतंय पण आवाज नाही, किंवा आवाज येतोय आणि स्क्रीन काळी, नाहीतर टीव्ही सरळ सांगतो की फाइल सपोर्टेड नाही. अशा वेळी बरेच जण मिळेल तो कन्व्हर्टर डाउनलोड करून अख्खी फाइल एमपी४ करत बसतात, त्यात लॅपटॉप तासन्‌तास तापतो, क्वालिटी जाते आणि कधीकधी एवढं करूनही आवाज येत नाही तो नाहीच. माझं कळकळीचं सांगणं एवढंच की नेमकं काय अडलंय ते आधी शोधा आणि तेवढंच बदला.

फाइलच्या नावाशेवटी एमपी४, एमकेव्ही, एव्हीआय असं जे असतं तो नुसता डबा आहे, आत भाजी कुठली ते झाकणावरून कळत नाही. आत व्हिडिओ वेगळा, ऑडिओ वेगळा, सबटायटल्स वेगळी, आणि व्हिडिओ-ऑडिओ दोघांचे कोडेक, म्हणजे ते दाबून साठवायच्या पद्धती, आपापले. म्हणून एक एमकेव्ही झकास चालते आणि तशीच दिसणारी दुसरी चालत नाही. नाव बदलून एमकेव्हीचं एमपी४ केलं तर आतलं काहीच बदलत नाही, त्यात वेळ घालवू नका.

आत बघायचं कसं? कॉम्प्युटरवर व्हीएलसीमध्ये फाइल लावा आणि कंट्रोल दाबून जे दाबा, कोडेकची माहिती समोर येते. अजून तपशील हवा असेल तर मीडियाइन्फो हे फ्री सॉफ्टवेअर घ्या.

आता व्हिडिओच्या ओळीत काय लिहिलंय ते बघा. एच.२६४ म्हणजेच एव्हीसी असेल तर बहुतेक निश्चिंत राहा, हे स्टँडर्ड २००३ चं आहे आणि यूएसबीवरून व्हिडिओ दाखवणारे जवळपास सगळे टीव्ही ते चालवतात, फक्त १०-बिट (रंगांच्या जास्त छटांचा प्रकार) लिहिलं असेल तर लॅपटॉपवर चालेल पण टीव्हीवर बहुधा नाही. एचईव्हीसी म्हणजे एच.२६५ हे २०१३ चं, फाइल बरीच लहान होते, ४के टीव्ही सहसा चालवतात पण जुने फुल एचडी टीव्ही अनेकदा अडतात. आयफोन २०१७ पासून, म्हणजे आयओएस ११ आल्यापासून, या फॉरमॅटमध्ये रेकॉर्ड करू शकतो, त्यामुळे फोनवरचे व्हिडिओ जुन्या टीव्हीवर दिसत नसतील तर सेटिंग्जमध्ये कॅमेरा, मग फॉरमॅट्समध्ये जाऊन मोस्ट कंपॅटिबल निवडा, पुढचे व्हिडिओ एच.२६४ मध्ये येतील. एव्ही१ हा त्याहून नवा कोडेक दिसला तर टीव्ही बऱ्यापैकी नवा लागतो.

आवाजाचा घोळ मात्र जास्त त्रास देतो आणि लोकांना तो टीव्हीचा बिघाड वाटतो. एएसी, एमपी३ आणि एसी३ म्हणजे डॉल्बी डिजिटल यांना सहसा अडचण नसते. डीटीएस हा ऑडिओचा दुसरा प्रकार असेल तर गडबड, कारण सॅमसंगने २०१८ च्या मॉडेलपासून डीटीएसचा सपोर्ट काढून टाकला, एलजीने २०२० मध्ये काढला आणि २०२३ च्या काही मॉडेलमध्ये परत आणला. म्हणून जुन्या टीव्हीवर बोलणारी फाइल नव्या महागड्या टीव्हीवर मुकी होते. यासाठी व्हिडिओला हात लावायची गरजच नाही. एव्हिडेमक्स हे फ्री सॉफ्टवेअर उघडा, फाइल टाका, व्हिडिओ आउटपुट कॉपीवरच ठेवा, ऑडिओ आउटपुटमध्ये एसी३ निवडा, खाली एमकेव्ही मक्सर (म्हणजे डबा एमकेव्हीचा) ठेवा आणि सेव्ह करा. चित्र जसंच्या तसं राहतं आणि काम काही मिनिटांत होतं.

व्हिडिओच अडला असेल तर मात्र हँडब्रेक हे फ्री कन्व्हर्टर सॉफ्टवेअर वापरा, त्यातली फास्ट १०८०पी३० ही तयार सेटिंग (प्रीसेट) बहुतेकांना पुरते. घरातल्या जुन्या लग्नाच्या डीव्हीडी असतील तर त्याही यातच करून घ्या, त्या डिस्क कायम टिकत नाहीत. डीव्हीडीतल्या व्हीओबी फाइली (व्हिडिओचे तुकडे) एकेक करून टाकू नका, अख्खा व्हिडिओ_टीएस फोल्डर उघडा म्हणजे तुकडे सलग येतात, आणि सगळ्यात मोठं टायटल निवडा. आपल्याकडच्या या डीव्हीडी पाल या जुन्या टीव्ही पद्धतीच्या, ७२० बाय ५७६ च्या, त्यात बऱ्याचशा इंटरलेस्ड, म्हणजे चित्र एकाआड एक ओळींच्या दोन भागांत साठवलेलं, म्हणून माणसं हलली की कडांना दातेरी रेघा दिसतात. फिल्टर्समध्ये डीइंटरलेस चालू करा आणि फ्रेम रेट सेम ॲज सोर्स ठेवा, नाहीतर वरातीतला नाच झटके देत दिसेल.

फाइल पेनड्राइव्हवर कॉपीच होत नसेल तर तो एफएटी३२ या जुन्या फॉरमॅटचा असणार, त्यात ४ जीबीची एक फाइल मावत नाही, ड्राइव्ह रिकामा असला तरी. एक्सफॅट किंवा एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करा, पण फॉरमॅटमध्ये सगळा डेटा उडतो, आधी दुसरीकडे कॉपी काढा. आणि काही जुने टीव्ही एक्सफॅट वाचत नाहीत, तेव्हा एनटीएफएस लावून बघा.

मराठी सबटायटल्सच्या जागी प्रश्नचिन्हं दिसत असतील तर मूळ एसआरटी फाइल (सबटायटल्सची फाइल) नोटपॅडमध्ये उघडा, मराठी नीट दिसलं की सेव्ह ॲजमधून एन्कोडिंग यूटीएफ-८ करा आणि तिचं नाव व्हिडिओच्या नावासारखंच ठेवा.

आणि मोठी फाइल कन्व्हर्टला लावण्याआधी हँडब्रेकच्या रेंजमध्ये सेकंद निवडून पहिल्या दोन मिनिटांचाच तुकडा काढा, टीव्हीवर लावून चित्र, आवाज आणि पुढे-मागे करणं तिन्ही तपासा, सगळं जमलं की मगच पूर्ण फाइल रात्री लावून झोपा.