रात्रीचे जेवण हलके कसे करावे: वजन उतरवताना दिवसभरातील कॅलरींची वाटणी

वजन कमी करू पाहणाऱ्या माणसाला नातेवाइकांकडून, कचेरीतून आणि मोबाइलवरून मिळणारे सल्ले बहुधा एकमेकांच्या विरुद्ध असतात. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या मांडणीच्या आधारे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दिवसातून दोनदाच, आणि प्रत्येक वेळी ५५ मिनिटांच्या आत, जेवण्याची पद्धत महाराष्ट्रात घरोघरी पोचवली. आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर यांनी मात्र दर दोन तासांनी थोडेथोडे खाण्याचा पुरस्कार केला. दोन्ही मार्गांनी वजन उतरलेली माणसे आपल्या ओळखीत असतात आणि दोन्ही मार्ग अर्ध्यावर सोडलेलीही असतात. वेळा बदलल्याने चरबी आपोआप वितळत नाही. दिवसभरात पोटात गेलेल्या एकूण कॅलरी शरीराच्या खर्चापेक्षा कमी असाव्याच लागतात. अन्न पचवण्यासाठी लागणारी ऊर्जा खाल्लेल्या कॅलरींच्या साधारण १० टक्के असते, आणि तेच अन्न दोन वेळा खाल्ले काय किंवा सहा वेळा खाल्ले काय, हा खर्च जवळपास तेवढाच राहतो. वेळापत्रकाचा खरा उपयोग भुकेच्या बाबतीत होतो, कारण भूक केव्हा अनावर होणार आणि त्या वेळी हाताशी काय असणार, हे त्यावर पुष्कळ अवलंबून असते.

याविषयी झालेले काही प्रयोग पाहण्यासारखे आहेत. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या इस्रायलमधील एका अभ्यासात स्थूल स्त्रियांना १२ आठवडे रोज १४०० कॅलरींचा आहार दिला गेला. एका गटाची न्याहारी ७०० कॅलरींची आणि रात्रीचे जेवण २०० कॅलरींचे होते, तर दुसऱ्या गटाचे नेमके उलट होते. सकाळी भरपूर खाणाऱ्या गटाचे वजन दुपटीहून अधिक उतरले. पुढे २०२२ साली स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथे अशीच तुलना झाली, तेव्हा दोन्ही क्रमांत वजन सारखेच कमी झाले. फक्त न्याहारी मोठी असताना लोकांना दिवसभर भूक कमी जाणवली. वरवर पाहता हे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत, पण ॲबर्डीनमध्ये सगळे अन्न मोजून संशोधकांनीच पुरवले होते. घरी फरसाणाचा डबा समोर असतो आणि तो मोजून देणारे कोणी नसते, त्यामुळे कमी भूक लागणे हाच मोठा लाभ ठरतो. त्याच वर्षी बॉस्टनमध्ये १६ जणांवर झालेल्या एका प्रयोगात तेच जेवण चार तास उशिरा दिले असता भूक वाढली आणि शरीराचा ऊर्जाखर्च किंचित घटला, असे आढळले. अन्नातील साखर हाताळण्याची शरीराची क्षमताही सकाळी चांगली आणि रात्री मंद असते. हे सारे लक्षात घेतले तर कॅलरींचा भार दिवसाच्या पूर्वार्धाकडे सरकवणे शहाणपणाचे आहे. मात्र रात्रीचे कमी न करता केवळ न्याहारी वाढवली, तर वजन वाढेल.

आपल्याकडील शहरी दिनक्रमात हे का जमत नाही, ते पाहणे आवश्यक आहे. सकाळी घाईत चहा आणि दोन बिस्किटे किंवा खारी, दुपारी एक वाजता डबा, आणि त्यानंतर घरी पोचून जेवायला बसेपर्यंत साडेनऊ. डबा आणि रात्रीचे पान यांत साडेआठ तासांचे अंतर पडते. या अंतरात पाचच्या चहाबरोबर मूठभर चिवडा, स्टेशनबाहेर एखादा वडापाव, आणि घरी स्वयंपाक होईपर्यंत उभ्याउभ्या तोंडात टाकलेले शेंगदाणे असा तीन-चारशे कॅलरींचा ऐवज जमा होतो, जो कोणाच्याही हिशेबात नसतो. तरीही रात्री पोळी, भाजी, वरण, भात असे पूर्ण जेवण होतेच. म्हणून दुरुस्तीची सुरुवात रात्रीच्या ताटापासून न करता संध्याकाळपासून करावी, असे माझे मत आहे.

प्रथम एक आठवडा काहीही न बदलता, जे खाल्ले ते आणि त्याची वेळ लिहून काढावी. चहा, मुलांच्या ताटात उरलेले घास, देवळातील प्रसाद आणि आमटीची चव पाहताना घेतलेले चमचेही त्यात यावेत. घरातील स्वयंपाक करणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत हे विशेष महत्त्वाचे आहे, कारण ती सर्वांत शेवटी जेवते आणि अन्न वाया जाऊ नये म्हणून भांड्यातले संपवते. हे वाढीव खाणे बहुधा रात्री दहानंतरचे असते. आठवड्याच्या शेवटी संध्याकाळी पाचनंतर पोटात गेलेल्या पदार्थांखाली रेघ ओढून पाहिले, की दिवसाचा तोल कोठे गेला आहे ते निराळे सांगावे लागत नाही.

त्यानंतर वाटणी करावी. एकूण कॅलरी किती असाव्यात हे वय, उंची, वजन आणि कामाच्या स्वरूपावर ठरते. १२०० च्या खाली मात्र डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय जाऊ नये. उदाहरणादाखल बैठे काम करणाऱ्या एखाद्या स्त्रीसाठी १५०० कॅलरींचा दिवस धरू. न्याहारीला सुमारे ४०० द्याव्यात: ५० ग्रॅम कोरडे पोहे, दीड चमचा तेल, थोडे शेंगदाणे, मटार आणि सोबत एक उकडलेले अंडे. अंडे चालत नसेल तर मूगडाळीची दोन धिरडी आणि दही घेता येते. मुद्दा असा की न्याहारीत प्रथिने असावीत, कारण नुसते पोहे किंवा उपमा खाल्ल्यास अकरा वाजता पुन्हा भूक लागते. दुपारच्या डब्यात दोन मध्यम पोळ्या, वाटीभर मटकीची उसळ, एक चमचा तेलात केलेली भाजी, कोशिंबीर आणि पेलाभर ताक एवढे घेतले की ५०० होतात. संध्याकाळी २०० आणि रात्री ३०० ठेवाव्यात. उरलेल्या १०० मिळून अर्धा कप दूध आणि एक चमचा साखर घातलेल्या दोन चहांच्या नावे जातात, कारण चहा सोडायला लावणारे वेळापत्रक आपल्याकडे टिकत नाही. येथे चमचा म्हणजे ५ मिलिलिटरचा मापाचा चमचा समजावा. तेलाचा असा एक चमचा सुमारे ४० कॅलरींचा असतो, आणि फोडणीला बुधलीतून अंदाजे ओतलेले तेल सारा हिशेब उधळून लावू शकते.

संध्याकाळचे २०० हे या योजनेतील सर्वांत मोलाचे खाणे आहे. भूक कडाडण्याआधी, म्हणजे साधारण साडेपाच ते साडेसहाच्या दरम्यान, ते झाले पाहिजे आणि त्यासाठी ते सकाळीच पिशवीत भरलेले असले पाहिजे. मूठभर फुटाणे आणि एक पेरू, वाफवलेली मोड आलेली मटकी, किंवा एक घडीची पोळी आणि भाजी यांपैकी काहीही चालेल. ज्यांना घरी पोचायला नऊ वाजतात त्यांनी याच्याही पुढे जाऊन रात्रीच्या जेवणाचे दोन भाग करावेत: भाकरी किंवा पोळी आणि भाजी हा भाग कचेरीतून निघण्यापूर्वीच खावा आणि घरी आल्यावर कुटुंबासोबत बसून वरण, मुगाचे कढण किंवा भाज्यांचे सूप आणि काकडी एवढेच घ्यावे. एका पंगतीत बसून कमी खाणे अवघड असते खरे, पण पोट आधीच अर्धे भरलेले असले तर ते जमते.

रात्रीच्या ३०० मध्ये ज्वारीची एक मध्यम भाकरी, पालेभाजी आणि अर्धी वाटी वरण बसते. भात हा काही शत्रू नाही. शिजलेल्या १०० ग्रॅम भातात सुमारे १३० कॅलरी असतात आणि कोकणात वा गोव्यात राहणाऱ्याने भाकरीऐवजी तेवढाच भात खाल्ला तरी काही बिघडत नाही. फक्त भाकरी आणि भात दोन्ही नकोत. जेवण आणि झोप यांत दोन-तीन तासांचे अंतर ठेवावे. सूर्यास्तापूर्वी जेवणे शक्य असेल तर उत्तमच, पण त्या अट्टहासापायी रात्री अकराला पुन्हा फ्रिज उघडावा लागणार असेल, तर आठ वाजताचे साधे जेवण अधिक बरे. अमुक तासांच्या आतच सारे खायचे, या पद्धतीचेही असेच आहे. चीनमधील ग्वांगझू येथे १३९ स्थूल व्यक्तींवर वर्षभर चाललेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, कॅलरी तेवढ्याच ठेवून खाण्याची वेळ सकाळी ८ ते दुपारी ४ एवढीच केली असता, वजनात लक्षणीय जादा घट दिसली नाही.

सकाळी भूकच लागत नाही, ही तक्रार सर्रास ऐकू येते. ती बहुतेक वेळा रात्रीच्या भरल्या पोटाची निशाणी असते. रात्रीचे जेवण हलके केल्यावर सहसा काही दिवसांतच सकाळची भूक परतते, तोवर बळजबरीने मोठी न्याहारी कोंबू नये. साडेदहाला खाल्ली तरी चालेल.

उपवासाच्या दिवशी ही वाटणी हमखास कोलमडते. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण उगाच रूढ झालेली नाही: साबुदाण्यात प्रथिने नगण्य असतात, खिचडीत तूप आणि दाण्याचा कूट सढळ हाताने पडतो, आणि संध्याकाळी वेफर्स येतात. उपवास करायचाच असेल तर दुपारी वरीचे तांदूळ आणि पातळसर दाण्याची आमटी, संध्याकाळी फळ आणि ताक, असा क्रम ठेवावा.

रात्रपाळी करणाऱ्यांनी मुख्य जेवण पाळीवर जाण्यापूर्वी करावे, मध्यरात्रीनंतर हलकेच खावे आणि सकाळी झोपण्याआधी थोडेसे खाऊन घ्यावे. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांनी जेवणाच्या वेळा स्वतःहून बदलू नयेत. औषध तेवढेच राहून जेवण पुढे ढकलले किंवा कमी झाले, तर रक्तातील साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी घेऊन न्याहारी आणि चहा अर्ध्या ते एक तासानंतर घ्यावा लागतो, तेव्हा ती घेणाऱ्यांनी आपले सकाळचे गणित तिथूनच मांडावे. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी या वाटेला जाऊ नये.

वजन आठवड्यातून एकदा, सकाळी, शौचानंतर आणि काही खाण्यापूर्वी करावे, आणि त्यासोबत कमरेचा घेर टेपने मोजावा. आठवड्याला अर्धा किलो उतरले तरी गती चांगली आहे. चार आठवड्यांत काटा हललाच नाही, तर वेळा पुन्हा बदलण्याच्या आधी तेलाची बुधली महिन्यातून किती वेळा भरली जाते आणि शनिवार-रविवारी रात्री बाहेर काय खाल्ले जाते, या दोन गोष्टी तपासाव्यात. बहुतेक घरांत गळती तिथेच सापडते.