युल्लासला निघण्याआधी

मागच्या मार्चमध्ये फिनलंडच्या लॅपलँडमध्ये, युल्लासला सात दिवस स्की करायला गेलो होतो. त्यातले पाच लाकडी घरात खिडकीशी बसून काढले. कारण डाव्या पायाच्या अंगठ्याचं नख. यंदा जे कोणी निघताय, त्यांचं पहिलं काम म्हणजे पायाची नखं कापणं. आदल्या रात्री नाही, तीन-चार दिवस आधी, आणि सरळ. कोपरे खोलवर कापले तर तेच बुटात ठणकतात.

उतारावरच्या स्कीचा बूट म्हणजे कडक प्लास्टिकचं कवच. गुडघे वाकवून नडगी पुढे टेकवली की टाच मागे सरकते आणि बोटांना जागा होते. पण नवखा माणूस घाबरून मागे रेलतो, मग दर वळणाला बोटं पुढच्या भिंतीवर आपटतात. नख जरासं पुढे असलं तरी सगळा मार त्याच्या मुळाशी बसतो. संध्याकाळी मोजा काढला तेव्हा माझं नख जांभळं होतं. सकाळी ते काळं पडलं होतं आणि खाली रक्त साकळून एका कडेने उचललं गेलं होतं. क्रॉस-कंट्रीचा, म्हणजे उतारावर न जाता बर्फातल्या वाटांवरून लांब जायच्या स्कीचा, बूट मऊ असतो खरा, पण तो दर पावलाला बोटांपाशीच वाकतो. मला पाऊल टाकवेना. तिथे क्रॉस-कंट्रीच्या सुमारे 330 किलोमीटर वाटा आहेत, मी त्यांतल्या एकीवरही गेलो नाही. म्हणून नखं कापा.

जायचं मार्चच्या मध्यानंतर. डिसेंबरात काही आठवडे सूर्य उगवतच नाही. फेब्रुवारीच्या उत्तरार्धात आणि मार्चच्या सुरुवातीला तिथल्या शाळांना हिवाळी सुट्टी असते, तेव्हा घरं मिळत नाहीत. हेलसिंकीहून रात्रीची गाडी कोलारीपर्यंत, पुढे बस. घर ठरवताना चादरी आणि शेवटची साफसफाई भाड्यात धरली आहे का, ते विचारा. बहुतेक वेळा नसते. ओले कपडे वाळवायचं कपाट आहे का, हेही विचारा.

कपड्यांचं सगळ्यांना माहीत असतं. सुती काही नको, आतून लोकर, एवढं पुरे. क्रॉस-कंट्रीला निघताना थोडी थंडी वाजलीच पाहिजे. उबदार वाटत असेल तर एक थर जास्त झालाय. दहा मिनिटांत घाम येतो आणि थांबलात की तोच घाम गारठवतो. एक कोरडा आतला शर्ट पाठीवरच्या पिशवीत ठेवा. उतारावर उलट, पाळणालिफ्टवर वारा झोंबतो, तिथे जाड जाकीट हवं. बुटात एकच पातळ मोजा. दोन घातले तर बोटं दाबली जातात, रक्त फिरत नाही आणि पाय जास्त गार पडतात. थर्मलची पँट बुटात खोचू नका. आणि मोजा चढवताना बोटांवरून हात फिरवा, नख हाताला लागलं तर आधी ते कापा.

स्की भाड्याने घेताना वजन खरं सांगा. पडल्यावर बूट स्कीतून कधी सुटायचा, ते वजन, उंची, वय आणि सराव बघून बसवतात. खोटं सांगितलंत तर स्की सुटणार नाही आणि गुडघा पिळवटेल. क्रॉस-कंट्रीसाठी खाली केसाळ पट्टी लावलेली स्की मागा. ती चढावर मागे घसरत नाही, मेण लावत बसावं लागत नाही. बूट घालून दुकानातच पाच मिनिटं उभे राहा, दुकानदार कितीही घाईत असला तरी.

वाटेवर दोन समांतर खाचा असतात, त्यांवरून चालत जायचं नाही. पडलात तर आधी बाजूला व्हा. गालावर पांढरा डाग दिसला, म्हणजे कातडी गोठायला लागली, तर लगेच हाताने ऊब द्या आणि आत जा. हे एकमेकांना सांगावं लागतं, स्वतःला दिसत नाही. फोन आतल्या खिशात, बाहेर ठेवला तर बॅटरी बसते. चिक्कीही तिथेच, नाहीतर ती दातांना फुटत नाही.

बाकी गॉगल, हेल्मेट, सनस्क्रीन, थर्मास, विमा.

परतताना कपाटातले मोजे काढा, केर काढा, किल्ली ठेवा. नेलकटर हातातल्या पिशवीत असू द्या. चार दिवस आधी कापली असली तरी उतारावर जायच्या आदल्या संध्याकाळी बोटं उजेडात धरून एकदा बघायची आहेत.