इंजिन उघडल्यावर काय बदलायचं, काय ठेवायचं? या चुका टाळा

स्प्लेंडरचं इंजिन गॅरेजच्या टेबलावर सुटं झालं की मालकाला बहुतेक वेळा दोनच पर्याय ऐकू येतात: ‘नुसत्या पिस्टनच्या रिंगा टाकू’ किंवा ‘सगळंच नवीन टाकू’. दोन्हींत मोजमाप राहून जातं. कोणता पार्ट ठेवायचा हे मायक्रोमीटर, बोअर गेज आणि फिलर गेजनं ठरलं पाहिजे, अंदाजानं नाही.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे झिजलेल्या बोअरमध्ये, म्हणजे पिस्टन ज्यात फिरतो त्या सिलिंडरच्या पोकळीत, नव्या रिंगा टाकणं. स्प्लेंडरचा मूळ बोअर 50 मि.मी. व्यासाचा. रिंग जिथवर फिरते तिथवर सिलिंडर झिजतो, त्याच्या वरचा काठ मूळ मापाचाच राहतो आणि तिथे कडा तयार होते. जुनी रिंग त्या कडेसोबतच झिजलेली असते. नवी रिंग त्या कडेवर आपटते आणि कधीकधी तुटतेही. शिवाय गोलाई गेलेल्या बोअरला नवी रिंग सगळीकडून टेकत नाही, त्यामुळे थोड्याच दिवसांत धूर परत सुरू होतो. म्हणून बोअर वर, मध्ये आणि खाली मोजा, प्रत्येक जागी उभा आणि आडवा. सर्व्हिस मॅन्युअलमधली मर्यादा ओलांडली असेल तर ओव्हरसाइज (मूळ मापापेक्षा किंचित मोठा) पिस्टन आधी विकत आणा आणि तो पिस्टन हातात देऊनच सिलिंडर त्या मापाला बोअर करून (कापून मोठा करून) घ्या. एकाच मापाच्या दोन पिस्टनमध्येही किंचित फरक असतो. ड्यूक 390 सारख्या गाड्यांच्या सिलिंडरला निकासिलचा (निकेलयुक्त कठीण) थर असतो, तिथे असं नेहमीचं बोअरिंग चालत नाही.

अर्धा निर्णय तर इंजिन खोलायच्या आधीच घेता येतो. थ्रॉटल देऊन गाडी पळवताना सतत निळा धूर येत असेल तर संशय रिंगा आणि बोअरवर. उतारावर थ्रॉटल सोडून पुन्हा दिल्यावरच धुराचा लोट येत असेल तर व्हॉल्व्ह सील आणि गाइड बघा. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) गेजवर कमी भरलं तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा चढला तर गळती रिंगांकडून आहे, तसाच राहिला तर बहुधा व्हॉल्व्हकडून. ही दहा मिनिटांची तपासणी न करता ब्लॉक उतरवणं मला पटत नाही.

कनेक्टिंग रॉडच्या बाबतीत उलटी चूक होते. रॉड बाजूला हलतो म्हणून तो ज्यावर बसतो तो चांगला क्रँक बाद केला जातो. बाजूचा थोडा प्ले (मोकळी हालचाल) मुळातच ठेवलेला असतो; तो फिलर गेजनं मोजायचा. वर-खाली ओढून बघा. तिथे खटका जाणवला तर बिग एंड, म्हणजे रॉडचं क्रँककडचं बेअरिंग, गेला समजा.

‘सगळंच नवीन’ म्हणताना मर्यादेत बसणारा मूळ कॅम किंवा गिअर काढून डुप्लिकेट पार्ट टाकला जातो. मापात असलेला कंपनीचा जुना पार्ट त्याहून केव्हाही सरस. गिअर लोडवर सुटत असेल तर डॉगचे (गिअर एकमेकांत अडकवणाऱ्या दातांचे) कोपरे आणि गिअर सरकवणारे फोर्क तपासा. कोपरे गोल झाले असतील तेवढ्याच जोड्या बदला.

गॅस्केट, ऑइल सील, ओ-रिंग आणि पिस्टन पिन जागेवर धरणाऱ्या सर्क्लिपा (तारेच्या कड्या) मात्र कितीही चांगल्या दिसल्या तरी परत वापरू नका. सुटलेली एक सर्क्लिप नवा बोअर ओरबाडते. क्रँककेस (क्रँकभोवतीचं कवच) उघडलीच असेल तर क्रँकचे मेन बेअरिंगही बदला, कारण त्यांच्यासाठी पुन्हा अख्खं इंजिन उतरवावं लागतं. टायमिंग चेन बदलताना तिचे स्प्रॉकेट आणि टेन्शनरही बघा.

आणि पार्ट का गेला हे शोधल्याशिवाय इंजिन बांधू नका. स्प्लेंडरमध्ये क्लचच्या बाजूला क्रँकवर ऑइल गाळणारा फिरता फिल्टर असतो. तो गाळानं भरलेला ठेवून, ऑइल पंप आणि जाळी न तपासता नवा पिस्टन टाकला तर तोही झिजणार. एअर फिल्टरपासून कार्बोरेटरपर्यंतचं रबर हातानं दाबून, वाकवून पाहा. तडा असेल तर धूळ फिल्टरला वळसा घालून थेट बोअरमध्ये जात असते. ते रबर नव्या पिस्टनसोबतच विकत घ्या.