प्रोस्टेटचा जीन रिपोर्ट हातात आला की आधी काय बघायचं

रिपोर्ट उघडल्या उघडल्या 'रिस्क' लिहिलेल्या लाल ओळीकडे पळू नका. आधी सॅम्पल कशाचं होतं ते बघा. साधं रक्त किंवा लाळ दिली असेल तर ती जन्मापासूनची जीन्स, आणि बायोप्सीचा तुकडा असेल तर गाठीत नंतर झालेले बदल (लिक्विड बायोप्सी असं छापलं असेल तर सॅम्पल रक्ताचं, पण शोध गाठीचाच). निम्मा गोंधळ इथेच होतो.

आता एआर. हे पुरुषी हार्मोनच्या रिसेप्टरचं जीन, म्हणजे टेस्टोस्टेरॉन पेशीत ज्याला चिकटतं तो भाग बनवणारं. ते एक्स क्रोमोसोमवर असतं, त्यामुळे मुलाला ते आईकडूनच मिळतं, वडिलांना कॅन्सर होता म्हणून त्यांचं एआर आपल्यात आलं असं होऊच शकत नाही. त्यात सीएजी ही डीएनएची अक्षरं सलग किती वेळा आली तो आकडा दिलेला असतो, साधारण विशीच्या आसपास. आकडा लहान तर रिसेप्टर जरा जास्त जोरात चालतो हे खरं, पण त्यावरून कॅन्सर होणार की नाही यावर अभ्यासांचं एकमत नाही, तेव्हा १८ आणि २३ मधल्या फरकावर झोप घालवू नका.

एसआरडी५ए२ मात्र समजून घ्या. हे जीन जे एन्झाइम बनवतं ते टेस्टोस्टेरॉनचं डीएचटी (त्याहून जोरदार पुरुषी हार्मोन) करतं, आणि प्रोस्टेट वाढते ती मुख्यतः डीएचटीवर. ज्यांच्यात हे जीन जन्मतःच काम करत नाही त्यांची प्रोस्टेट अगदी छोटी राहते, डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या अशा कुटुंबांवरचा अभ्यास १९७४ ला आला आणि हे एन्झाइम अडवणाऱ्या फिनास्टेराइड या गोळीमागची कल्पना तिथूनच पुढे आली. ही गोळी चालू असेल तर पीएसए (प्रोस्टेटसाठी रक्तात मोजतात तो आकडा) काही महिन्यांत जवळपास निम्मा होतो, म्हणजे रिपोर्टमधला २ खरं तर ४ च्या आसपास धरायचा. केस गळतात म्हणून कमी डोसची घेत असाल तरी डॉक्टरांना सांगा, हे बरेच जण सांगतच नाहीत.

गाठीच्या रिपोर्टमध्ये एआर दिसलं तर तिथे थांबून नीट वाचा. हार्मोन बंद करायची ट्रीटमेंट बराच काळ चालली की काही गाठी एआरच्या जास्त कॉप्या करतात, किंवा एआर-व्ही७ नावाचा अर्धवट रिसेप्टर बनवतात, त्याला हार्मोन चिकटायची जागाच नसते, तो हार्मोनशिवाय चालूच. असं असेल तर एन्झालुटामाइड, अबिराटेरोन या हार्मोन रोखणाऱ्या औषधांचा फायदा कमी मिळण्याची शक्यता असते, म्हणून पुढचं औषध ठरवण्याआधी ही ओळ डॉक्टरांना दाखवून सरळ विचारा की याने प्लॅन बदलतोय का.

आणि घराण्यातल्या धोक्याचीच काळजी असेल तर हार्मोनची जीन्स सोडा, बीआरसीए२ ची ओळ शोधा. ते डीएनए दुरुस्तीचं जीन आहे, त्यातला घातक बदल वडिलांकडूनही येतो आणि मुलींनाही लागू पडतो, तेव्हा ते पॉझिटिव्ह असेल तर जेनेटिक काउन्सेलरकडे जाताना बहिणी-मुलींनाही सोबत न्या.